सदुसष्टावं मत

२ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या सिनेटसमोर एक घटनादुरुस्ती मतदानाला आली. केंद्र सरकारनं दर वर्षी जमेइतकाच खर्च करावा, तूट ठेवू नये, असं बंधन थेट राज्यघटनेत लिहून टाकायचं होतं. रिपब्लिकन पक्षाच्या हाती चाळीस वर्षांनी दोन्ही सभागृहं एकाच वेळी आली होती आणि मतदारांना दिलेल्या वचनांत हे वचन अगदी वरचं होतं. कनिष्ठ सभागृहानं जानेवारीतच ते ३०० विरुद्ध १३२ मतांनी पार पाडलं होतं. सिनेटमध्ये शंभरपैकी ६७ मतं हवी होती. पक्षनेते बॉब डोल यांनी पुन्हा पुन्हा मोजणी केली, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षातले चौदा जण गळाला लावले, तरी आकडा ६६ वरच अडत होता. पक्षातला एकच माणूस ऐकत नव्हता. त्याचं नाव मार्क हॅटफील्ड.

हा कुणी नवखा बंडखोर नव्हता. ओरेगॉन राज्यातून सलग पाच वेळा सिनेटवर निवडून आलेला, बहात्तर वर्षांचा, पांढऱ्या केसांचा, सौम्य बोलणारा गृहस्थ. शिवाय विनियोजन समितीचा अध्यक्ष, म्हणजे सरकारी तिजोरीतला प्रत्येक डॉलर ज्याच्या टेबलावरून जातो असा माणूस. त्यांचं म्हणणं साधं होतं. खर्च कमी करायचा असेल तर आज, या सभागृहात, आपल्या हातानं करा. ते धाडस आपल्यात नाही म्हणून राज्यघटनेच्या आडोशाला जाऊन उभं राहू नका.

शेवटी हॅटफील्ड यांनीच डोल यांना एक वाट सुचवली. मी या दुरुस्तीच्या बाजूनं मत देऊ शकत नाही, पण सदस्यत्वाचा राजीनामा देऊ शकतो. हिशेब सरळ होता. ते गेले की सदस्य उरणार ९९ आणि ९९ चे दोन तृतीयांश म्हणजे बरोबर ६६. दुरुस्ती मंजूर झाली असती. मत बदलायचं नाही, पण पक्षाची वाटही अडवून धरायची नाही, आणि त्याची किंमत म्हणून चव्वेचाळीस वर्षांत कमावलेली राजकीय कारकीर्द त्या दिवशी संपवायची, असा तो देकार होता. डोल यांनी तो नाकारला. दुसऱ्या महायुद्धात उजवा हात जवळजवळ गमावलेल्या डोल यांना युद्धातून आलेल्या या दुसऱ्या माणसाची किंमत कळत असावी. दुरुस्ती पडली. नियमानुसार ती पुन्हा आणता यावी म्हणून डोल यांनी स्वतःही ऐन वेळी विरोधात मत नोंदवलं, म्हणून कागदावर आकडा दिसतो तो ६५ विरुद्ध ३५.

पक्षातले तरुण खवळले. रिक सँटोरम, कॉनी मॅक या सिनेटरांनी हॅटफील्ड यांचं अध्यक्षपद काढून घ्या अशी मागणी लावून धरली. सहा दिवसांनी पक्षाची बंद दाराआड बैठक झाली. अध्यक्षपद राहिलं. मात्र त्याच वर्षी समित्यांच्या अध्यक्षांना सहा वर्षांची मुदत घालण्याचा नियम पक्षानं केला. एका माणसाच्या ‘नाही’मुळे पक्षाला नियम बदलावेसे वाटले, यातच त्या ‘नाही’चं वजन आलं.

७ ऑगस्ट २०११ रोजी, रविवारी, पोर्टलंडमध्ये हॅटफील्ड गेले. वय ८९. आपल्याकडे त्या बातमीची फारशी दखल घेतली गेली नाही. ओरेगॉन म्हटलं की मराठी माणसाला, विशेषतः पुणेकराला, आठवतात ते रजनीश. १९८१ मध्ये कोरेगाव पार्कमधला पसारा मागे ठेवून ते अमेरिकेत गेले आणि ज्या राज्याच्या ओसाड टेकड्यांवर त्यांनी आपलं नगर उभारलं, तेच हे राज्य. हॅटफील्ड तेव्हा तिथले सिनेटर होते. पण देव आणि राज्य यांचा संबंध काय असावा, हा प्रश्न ओरेगॉननं रजनीशांच्या आधीपासून पाहिला होता, आणि त्याचं अधिक टिकाऊ उत्तर या बाप्टिस्ट माणसाच्या आयुष्यात सापडतं असं मला वाटतं.

जन्म १२ जुलै १९२२, ओरेगॉनमधल्याच डॅलस या छोट्या गावात. वडील रेल्वेत लोहार. आई शिक्षिका. घर बाप्टिस्ट, आणि आई कट्टर रिपब्लिकन. पुढे कुटुंब सेलम या राजधानीच्या गावी आलं. तिथल्या विधानभवनात पाहुण्यांना इमारत दाखवणारा वाटाड्या म्हणून शाळकरी मार्क काम करायचा. विलमेट विद्यापीठात शिकत असताना त्याला एक काम लागलं. विख्यात कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांचा गावात कार्यक्रम होता. कार्यक्रमाला टाळ्या भरपूर पडल्या, पण सेलममधल्या हॉटेलांत काळ्या माणसाला खोली मिळत नव्हती. मार्कनं त्यांना गाडीत घालून पोर्टलंडला नेऊन सोडलं. ओरेगॉनच्या मूळ राज्यघटनेत काळ्या लोकांनी राज्यात वस्तीच करू नये असं कलम होतं आणि ते १९२६ पर्यंत पुसलं गेलं नव्हतं, हे इथं सांगायला हवं. १९५३ मध्ये हॉटेलं, खाणावळी अशा सार्वजनिक जागी वर्णभेद करायला बंदी घालणारा कायदा ओरेगॉननं केला. संपूर्ण देशासाठी तसा कायदा व्हायला आणखी अकरा वर्षं लागली. ओरेगॉनच्या त्या कायद्यासाठी झटणाऱ्यांत नुकतेच आमदार झालेले हॅटफील्ड होते.

त्याआधी युद्ध येऊन गेलं होतं. नौदलातला तरुण अधिकारी म्हणून इवो जिमा आणि ओकिनावाच्या किनाऱ्यांवर सैनिक उतरवणाऱ्या होड्या त्यांच्या ताब्यात होत्या. माणसं उतरवायची आणि जखमी भरून परत आणायचे. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये, बाँब पडून महिना उलटला असेल-नसेल, तेव्हा हिरोशिमात गेलेल्या पहिल्या अमेरिकी तुकड्यांत ते होते. वय तेवीस. जपान्यांचा द्वेष करायला शिकवलेली ती मुलं. ढिगाऱ्यांतून उपाशी पोरं बाहेर आली, खलाशांनी आपापल्या जेवणाचे डबे त्यांच्यात वाटून टाकले, आणि मनातला द्वेष अंगातून निघून जातो आहे असं त्या क्षणी जाणवलं, असं ते पुढे सांगत. बाँबमुळे आपला जीव वाचला, नाहीतर जपानच्या किनाऱ्यावर उतरावं लागलं असतं, हेही ते लपवत नसत. या दोन्ही गोष्टी ते एकत्र सांगत. मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटतो तो इथं.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचं जहाज व्हिएतनामच्या हायफाँग बंदरात गेलं. हनोईही पाहिलं. फ्रेंच मालकांचे वाडे आणि त्यांच्या भिंतींबाहेर भुकेनं मरणारी माणसं. वीस वर्षांनी वॉशिंग्टनमधले पंडित व्हिएतनामचं युद्ध म्हणजे निव्वळ साम्यवादाशी लढा असं समजावून सांगू लागले, तेव्हा हॅटफील्ड यांना तो देश नुसता नकाशावरून माहीत नव्हता. परक्या राजवटीविरुद्धचा राग म्हणजे काय, हे त्यांनी तिथल्या रस्त्यात पाहिलेलं होतं.

श्रद्धेचं काय? आई-वडिलांकडून आलेला धर्म होताच, पण तो रविवारच्या कपड्यांसारखा होता. विलमेटमध्ये राज्यशास्त्र शिकवत असताना, विद्यार्थ्यांचे अधिष्ठाता असताना, मुलं श्रद्धेबद्दल प्रश्न विचारायची आणि आपल्याकडे द्यायला काहीच नाही हे त्यांना कळायचं. तिशी नुकतीच ओलांडलेली. एका रात्री आई-वडिलांच्या घरातल्या खोलीत एकट्यानं बसून त्यांनी निर्णय केला की आजवर स्वतःसाठी जगलो, आता ख्रिस्ताच्या मागे जायचं. चमत्कार नाही, साक्षात्कार नाही, गर्दीसमोरची घोषणा नाही. राजकारण सोडून धर्मप्रचारक व्हावं का, हा विचारही मनात आला होता. ते राजकारणातच राहिले.

इथून पुढची गोष्ट सरळ संताची असती तर ती सांगण्यात मला रस नव्हता. १९५८ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते ओरेगॉनचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. फाशीला त्यांचा विरोध होता, धर्माच्या आधारावरच होता. तरी २० ऑगस्ट १९६२ रोजी त्यांच्याच कारकिर्दीत सेलमच्या तुरुंगात एका कैद्याला मृत्युदंड दिला गेला. शिक्षा कमी करण्याचा अधिकार गव्हर्नरच्या हाती होता. हॅटफील्ड यांनी तो वापरला नाही. कायदा जनतेनं केला आहे, तो माझ्या खासगी मतासाठी मोडता येणार नाही, अशी त्यांची भूमिका. १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये ओरेगॉनच्या मतदारांनी सार्वमतानं फाशी रद्द केली, आणि निकालानंतर दोनच दिवसांत त्यांनी कोठडीत उरलेल्या तिघांची फाशी माफ केली. कायद्याच्या दृष्टीनं चूक काही नाही. पण १९६२ मधल्या त्या एका सहीवाचून एक माणूस गेला, आणि मतदारांच्या परवानगीची वाट पाहणारा विवेक कितपत विवेक, हा प्रश्न उरतोच. मला वाटतं पुढच्या तीस वर्षांतल्या त्यांच्या एकाकी मतांना या घटनेची पार्श्वभूमी असावी. हे माझं अनुमान.

१९६४ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं. बीजभाषण हॅटफील्ड यांचं. सभागृह राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पुढे आलेल्या कट्टर उजव्या बॅरी गोल्डवॉटर यांच्या समर्थकांनी खच्चून भरलेलं आणि हॅटफील्ड यांनी द्वेषावर जगणाऱ्या संघटनांची नावं घेऊन निषेध केला. कम्युनिस्ट पक्ष, कू क्लक्स क्लॅन आणि कडवी कम्युनिस्टविरोधी जॉन बर्च सोसायटी, तिन्ही एका दमात. शेवटच्या संघटनेचे लोक त्या सभागृहातच बसले होते. मराठी वर्तमानपत्रं ज्याला घरचा आहेर म्हणतात तो हा, आणि तोही उद्घाटनाच्या व्यासपीठावरून.

पुढच्या वर्षी गव्हर्नरांच्या परिषदेत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या व्हिएतनाम धोरणाला पाठिंबा देणारा ठराव आला. विरोधात दोन मतं पडली. एक मिशिगनचे जॉर्ज रॉम्नी यांचं, दुसरं हॅटफील्ड यांचं. १९६६ मध्ये तसाच ठराव पुन्हा आला तेव्हा रॉम्नीही बाजूला झाले. विरोधात एकच मत उरलं. आणि त्याच वर्षी त्यांना सिनेटची निवडणूक लढवायची होती. समोर डेमोक्रॅटिक पक्षाचे रॉबर्ट डंकन, युद्धाचे खंदे समर्थक. व्हिएतनामच्या गवतात लढलो नाही तर उद्या कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या गवतात लढावं लागेल, असा त्यांचा प्रचार. या लढतीत गंमत अशी झाली की ओरेगॉनचेच डेमोक्रॅटिक सिनेटर वेन मोर्स यांनी आपल्या पक्षाचा उमेदवार सोडून हॅटफील्ड यांना पाठिंबा दिला. मोर्स म्हणजे १९६४ मध्ये व्हिएतनाम युद्धाला मोकळं रान देणाऱ्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या दोनच सिनेटरांपैकी एक. थोडक्या मतांनी का होईना, हॅटफील्ड जिंकले.

१९६८ मध्ये पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार निक्सन यांच्या उपाध्यक्षपदाच्या यादीत त्यांचं नाव होतं. धर्मप्रचारक बिली ग्रॅहॅम यांनी ते आग्रहानं सुचवलं होतं. निक्सन यांनी स्पायरो ॲग्न्यू यांना निवडलं. दोन वर्षांनी हॅटफील्ड यांनी डेमोक्रॅट जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याबरोबर दुरुस्ती मांडली की १९७१ च्या अखेरीपर्यंत व्हिएतनाममधलं अमेरिकी सैन्य माघारी आणा, नाहीतर पैसा बंद. आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध. १ सप्टेंबर १९७० रोजी ती ५५ विरुद्ध ३९ मतांनी पडली. ३९ हा आकडा मात्र निक्सन यांना विसरता येण्यासारखा नव्हता.

मग १ फेब्रुवारी १९७३ ची सकाळ. वॉशिंग्टनमध्ये दर वर्षी राष्ट्रीय प्रार्थना-न्याहारी नावाचा कार्यक्रम होतो. राष्ट्राध्यक्ष, खासदार, न्यायाधीश, उद्योगपती, पाद्री एकत्र बसतात, देशावर देवाची कृपा असो म्हणतात आणि अंडी-पाव खाऊन कामाला जातात. पाच दिवसांपूर्वी पॅरिसला युद्धसमाप्तीच्या करारावर सह्या झालेल्या. डिसेंबरमध्ये हनोईवर तुफान बाँबवर्षाव झालेला. व्यासपीठावर एकीकडे निक्सन, एकीकडे ग्रॅहॅम. प्रसंग आभाराचा, विजयाच्या सुराचा. हॅटफील्ड उठले आणि पश्चात्तापावर बोलले. आपण ज्या देवाची प्रार्थना करतो तो बायबलमधला देव आहे की आपल्या राष्ट्राचा लाडका, छोटा, घरगुती देव आहे, असं त्यांनी विचारलं. या युद्धानं राष्ट्राच्या आत्म्यावर पापाचा व्रण उठवला आहे, असं निक्सन शेजारी बसलेले असताना सांगितलं. गोरगरिबांची बाजू घेणारा देव सत्तेच्या मेजावर बसत नाही, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा. त्यानंतर त्यांना आलेल्या पत्रांत श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांची पत्रं पुष्कळ होती. राष्ट्राध्यक्षाला देवानं नेमलेलं असतं, त्याचा असा अपमान करणारा तू कसला ख्रिस्ती, असा त्यांचा सूर.

धर्माच्या नावानं राजकारण करणारे आपल्याला नवे नाहीत. धर्मामुळे राजकारणात गैरसोयीचं वागणारे दुर्मीळ. हॅटफील्ड यांची श्रद्धा कुणाच्याही पेटीत नीट बसत नव्हती. गर्भपाताला त्यांचा कडाडून विरोध होता, त्यामुळे उदारमतवादी मित्र नाराज. युद्ध, अण्वस्त्रं आणि फाशी यांनाही तितकाच विरोध, त्यामुळे पक्षबंधू नाराज. त्यांच्या मते हा एकच धागा होता, माणसाचा जीव घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. शाळांमध्ये सरकारनं प्रार्थना आणावी या मागणीला या प्रार्थना करणाऱ्या माणसानं साथ दिली नाही. विद्यार्थ्यांना आपणहून जमायचं असेल तर त्यांना इतर मंडळांसारखीच जागा मिळावी, एवढ्यासाठी मात्र १९८४ चा कायदा त्यांनी पुढे रेटला. गर्भपाताबद्दल त्यांच्याशी माझं जमत नाही. पण हा माणूस एकाच मापानं मोजतो, हे कबूल करावं लागतं.

सक्तीच्या लष्करभरतीला त्यांचा सुरुवातीपासून विरोध. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तरुणांची नावनोंदणी पुन्हा सुरू करायला घेतली तेव्हा सिनेटमध्ये लांबच लांब भाषणं करून प्रस्ताव अडवण्याची मोहीम हॅटफील्ड यांनी चालवली. हरले. १९८२ मध्ये एडवर्ड केनेडी यांच्याबरोबर अण्वस्त्रं गोठवण्याचा ठराव आणला. रेगन यांच्या काळात, म्हणजे त्यांच्याच पक्षाच्या सर्वांत लोकप्रिय राष्ट्राध्यक्षाच्या काळात. हरले. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्धाला परवानगी देणारा ठराव ५२ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर झाला, तेव्हा रिपब्लिकन पक्षातून विरोधात मत देणारे दोघेच होते, आयोवाचे चार्ल्स ग्रासली आणि हे.

हरण्याच्या या यादीवरून ते नुसते साक्ष देणारे सज्जन होते असा समज होईल. तसं नव्हतं. तिजोरीच्या चाव्या कमरेला असलेला माणूस होता तो, आणि चाव्या कुठल्या कुलपाला लागतात ते त्यांना ठाऊक होतं. १९९२ मध्ये ऊर्जा आणि जलप्रकल्पांच्या खर्चाचं विधेयक आलं. त्यात टेक्सासमधल्या महाकाय सुपरकोलायडर या भौतिकशास्त्राच्या प्रकल्पाचा पैसा होता. निवडणूक तोंडावर आलेली, टेक्सास हे राष्ट्राध्यक्ष बुश यांचं राज्य, तो पैसा त्यांना हवाच होता. हॅटफील्ड यांनी नेब्रास्काचे जेम्स एक्सन आणि मेनचे जॉर्ज मिचेल या दोन डेमोक्रॅटांना बरोबर घेऊन त्याच विधेयकाला एक कलम जोडलं. अणुचाचण्या नऊ महिने पूर्ण बंद, पुढे मोजक्याच, आणि १९९६ च्या सप्टेंबरनंतर दुसऱ्या कुणी देशानं चाचणी केल्याखेरीज अजिबात नाही. बुश यांना कलम पसंत नव्हतं. पण विधेयक नाकारलं की टेक्सासचा पैसा गेला. २ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांनी सही केली. सुपरकोलायडर पुढच्याच वर्षी बंद पडला. चाचणीबंदी राहिली. २३ सप्टेंबर १९९२ रोजी नेवाडाच्या वाळवंटात जमिनीखाली झालेला स्फोट हा अमेरिकेचा शेवटचा अणुचाचणी स्फोट ठरला. हिरोशिमात डबे वाटणाऱ्या पोरानं सत्तेचाळीस वर्षांनी, एका किचकट खर्चविधेयकाच्या पोटात शिरून, हे साधलं. मला त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा हे कलम मोठं वाटतं.

डागही सांगायचे. १९८४ मध्ये एका ग्रीक धनिकानं त्यांच्या पत्नीला, अँटोनेट यांना, ५५,००० डॉलर दिल्याचं बाहेर आलं. पैसे मालमत्तेच्या व्यवहारातल्या कामाचे, असं स्पष्टीकरण होतं. पण त्याच धनिकाच्या आफ्रिकेतल्या तेलवाहिनीच्या योजनेला हॅटफील्ड यांनी पाठबळ दिलं होतं. सिनेटच्या नीतिसमितीनं पुढची चौकशी केली नाही, हॅटफील्ड यांनी माफी मागितली, रक्कम दान केली. १९९२ मध्ये एका विद्यापीठाच्या अध्यक्षाकडून आलेल्या महागड्या भेटी जाहीर न केल्याबद्दल त्याच समितीनं त्यांना ठपका दिला. आणि जंगलं. कोलंबिया नदीची दरी, ओपल क्रीकचं अरण्य वाचवण्याचं श्रेय त्यांना आहे. पण लाकूडकंपन्यांच्या बाजूनं शेकडो वर्षांची झाडं तोडू देणारी कलमं खर्चविधेयकांना जोडणारे हातही त्यांचेच होते. अणुचाचणी बंद करणारी युक्ती आणि झाडं पाडणारी युक्ती एकच. ओरेगॉनचे पर्यावरणवादी त्यांना अजून माफ करत नाहीत आणि त्यांनी का करावं?

आता मूळ मुद्दा. असा माणूस एका पक्षात, शेवटपर्यंत, कसा टिकला? एकही निवडणूक न हरता कसा टिकला? नुसत्या चारित्र्यावर टिकला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पहिलं कारण निधी. इस्पितळं, विद्यापीठं, धरणं, न्यूपोर्टचं सागरी संशोधन केंद्र, हॅटफील्ड यांनी ओरेगॉनला भरभरून दिलं. वॉशिंग्टनजवळ राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयालाही आज त्यांचं नाव आहे. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. तिथं उमेदवारी दिल्लीतून, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनमधून, वाटली जात नाही. पक्षाचा उमेदवार कोण हे राज्यातले पक्षाचे मतदार प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. पक्षनेत्याला हॅटफील्ड यांचं तिकीट कापता येत नव्हतं. सभागृहात पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून सदस्यत्वही जात नव्हतं. डोल चिडू शकत होते, समजावू शकत होते, एवढंच.

आपल्याकडे १९७५ च्या आरंभी इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातले राज्यमंत्री मोहन धारिया जयप्रकाश नारायणांशी बोला असं जाहीरपणे सांगत होते. मार्चमध्ये मंत्रिपद गेलं. पुढे पक्षही सुटला. १९७७ मध्ये पुण्यानं त्यांना पुन्हा निवडून दिलं, पण आता विरोधी बाकांकडून सत्तेत आलेल्यांचा माणूस म्हणून. काँग्रेसमध्ये राहून काँग्रेसला नाही म्हणण्याची जागाच उरली नव्हती. निदान तेव्हा कायदा तरी आड येत नव्हता. १९८५ मध्ये राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली गेली आणि पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची खासदारकी-आमदारकीच धोक्यात आली. हेतू चांगला होता, आयाराम-गयाराम थांबवायचे होते. झालं काय ते महाराष्ट्रानं २०२२ आणि २०२३ मध्ये पाहिलं. दोन पक्ष उभे फुटले, डझनांनी आमदार इकडून तिकडे गेले, प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत आणि तिथून विधानसभा अध्यक्षांकडे गेली, आणि कुणाचीही आमदारकी गेली नाही. म्हणजे घाऊक पक्षांतराला वाट सापडते. एकट्यानं उभं राहून, पक्ष न सोडता, एका विधेयकावर ‘मला हे पटत नाही’ म्हणणाऱ्याला मात्र घरी जावं लागेल. हॅटफील्ड आपल्या लोकसभेत असते तर पहिल्याच महत्त्वाच्या मताला त्यांचं सदस्यत्व पणाला लागलं असतं.

आणि अमेरिकेलाही फार मान उंच करायचं कारण नाही. हॅटफील्ड १९९७ च्या जानेवारीत निवृत्त झाले, ओरेगॉनला परतले, न्यूबर्गच्या जॉर्ज फॉक्स विद्यापीठात पोरांना शिकवू लागले. त्यांच्या जागी आलेले गॉर्डन स्मिथ २००८ मध्ये हरले आणि त्यानंतर ओरेगॉननं रिपब्लिकन सिनेटर निवडलेला नाही. ज्या प्राथमिक निवडणुकीनं हॅटफील्ड यांना नेत्यांपासून वाचवलं, तीच आज मवाळ उमेदवारांना कट्टर मतदारांच्या हाती देते.

तरी आपल्यापुरतं एक करता येण्यासारखं आहे. निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच सुचवलं होतं की मताबद्दलची अपात्रता फक्त विश्वास किंवा अविश्वास ठरावासारख्या, सरकारच्या अस्तित्वाशी जोडलेल्या मतांपुरती ठेवावी. बाकी विधेयकांवर सदस्याला आपलं मत असू द्यावं. तेव्हापासून ही शिफारस कागदावरच आहे. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येईल तेव्हा रस्ता, पाणी, गटार विचारून झालं की त्याला एवढं जरूर विचारा: गोस्वामी समितीच्या या सूचनेवर तुमचं मत काय? तुमच्या पक्षाचं नव्हे, तुमचं.